मडमेची शतावरी

पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात. मी मांडवाखाली टाचा उंचावून उभी होते, सुतळीचं एक टोक दातांत, दगड हातात, आणि पाठीमागून कुणीतरी एकदम विचारलं, "हे मिळंल का तुमच्या वाडीत?"

दगड सुटला. पडला तो थेट त्या माणसाच्या पायावर.

वळून पाहिलं. उंच, सावळा, खाकी पँट चिखलानं माखलेली. एका हातात पत्र्याचा रिकामा डबा, दुसऱ्या हातानं स्वतःचा अंगठा धरलेला, आणि गडी एका पायावर उभा. ओरडला नाही. डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं होतं.

"आवाज देऊन यायचं असतं," मी म्हटलं. दगड माझ्या हातून पडलेला, म्हणून जरा जास्तच ठसक्यात म्हटलं.

"आवाज दिला म्हनूनच तर दगड पडला," तो म्हणाला.

मला हसू आलं, मी ते दाबलं, आणि त्याला ते दिसलं... झालं. एवढंच. पुढं जे घडलं ते सांगताना आजही माझं डोकं फिरतं, पण सांगायला बसलेय तर सगळं सांगते. मधलं गाळून गोड तेवढं सांगायचं, हे मला जमत नाही.

तारापूरला अणुभट्टीचं काम नुकतं सुरू झालं होतं. किनाऱ्याकडे दिवसभर ट्रक धावायचे. बोईसर स्टेशनवर रोज नवी माणसं उतरायची, बाजारात मराठीपेक्षा हिंदीच जास्त ऐकू यायची. अमेरिकन साहेबांसाठी बंगले उठले होते आणि त्यांच्यासाठी एक मेस होती. हा भगवंत त्या मेसमध्ये कामाला. भाजी-किराणा आणायचा आणि आचाऱ्याच्या हाताखाली राबायचा. गाव संगमनेरच्या बाजूचं, कोरडवाहू.

त्यानं डबा माझ्यापुढं धरला. वरच्या कागदावर हिरव्या कांड्यांची जुडी छापलेली.

"हे काय, बांबूचे कोंब?"

"अस्परागस म्हनत्यात. एक मडम हाय, तिचा जीव अडकलाय याच्यात. डबे संपले. आता म्हनती, ताजं बघ."

मी चित्र जवळ घेऊन पाहिलं. डोंगराकडची जमुना पावसाळ्यात रानभाज्या घेऊन आमच्या दारी यायची. तिच्या टोपलीत असेच कोंब असायचे, पण बारीक, सुतळीएवढे. "ही तर शतावरी," मी म्हटलं. "तुमची जाडजूड आहे, एवढंच. साहेबांच्या देशात सगळंच जाड असतं वाटतं?"

"मडम न्हाई. मडम वाळल्या शेंगेवानी हाय."

मग मात्र मी हसले. दाबायचं राहूनच गेलं.

महिनाभरानं तो परत आला, या वेळी लांबूनच हाका मारत. मडमेनं माहेराहून बी मागवलं होतं. काळं, मिऱ्याएवढं. बंगल्यांच्या आवारात नुसता मुरूम, तिथं काय उगवणार? आमची वाडी समुद्राजवळची, जमीन रेताड, पाणी गोडं. मडमेला अशीच जमीन हवी होती. बाबांनी बी तळहातावर घोळवून बघितलं. बाबा म्हणजे पानवेलीत जन्म काढलेला माणूस, नवीन काही दिसलं की हात लावल्याशिवाय राहायचे नाहीत.

"कवा निगंल?" त्यांनी विचारलं.

भगवंत थोडा थांबला. "तीन वर्सं हात लावायचा न्हाई, काका. येईल तो कोंब वाढू द्यायचा, मुळं पोसू द्यायची. मग कापायचं. पन मग धा-पंधरा वर्सं बघायला नको."

"तीन वर्सं?" बाबा हसले. "तवर माज्या पोरीचं लगीन होऊन तिची पोरं वाडीत खेळतील. बरं, लाव. नारलाच्या पल्याड कोपरा हाय. पण पानी जया घालेल, मला येल नाय."

जया म्हणजे मी, जयवंती. बाबांनीच ठरवलं बरं का, पाणी मी घालायचं. मी मागून घेतलं नव्हतं.

तो दर रविवारी यायला लागला. पहिली रोपं आली ती केसांएवढी बारीक. भगवंत मातीवर पालथा पडून त्यांच्याकडे बघायचा आणि मी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे.

"झोप लागली काय?"

"गप. ही बघ, हिला फांदी फुटली."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. म्हणजे त्याच्याकडून. मी शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हटलं.

आमच्याकडे ओटीवर माई बसलेली असायची. माई माझी आत्या. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तांदूळ निवडायच्या निमित्तानं सूप मांडीवर, डोळे वाफ्यावर. एकदा तिनं मला धरलं.

"भाजी कापायची नाय, मग तो येतो कशाला दर रयवारी?"

"वाढ बघायला."

"कोनाची?"

मी कळशी उचलून पाण्याला गेले. तिनं परत विचारलं नाही. पुढल्या रविवारी मात्र सूप घेऊन ती दोन हात पुढं सरकून बसली.

पावसाळ्यानंतर रोपं वाफ्यात नीट लावली. पाणी साचून मुळं कुजू नयेत म्हणून समुद्राची वाळू आणून वाफा उंच केला, त्यात शेणखत आणि सुक्या मासळीचं खत घातलं. मासळीच्या वासानं भगवंत पळत सुटला. नाकाला रुमाल लावून नारळाआड उभा, आणि मी कोपरापर्यंत हात घालून खत कालवतेय.

"तुम्ही जेवता तरी कसे इथं?"

"मासळी खाऊन."

"आमच्याकडं भाकरी आन ठेचा. वर्सातून एकदा बोकड."

"मग इथं राहायचं कसं होणार तुमचं?"

हे मी अगदी सहज विचारलं. त्याचा रुमाल खाली आला. माझ्याकडे बघत राहिला... असा की माझे हात खतातच राहिले. माईनं ओटीवरून खाकरलं, तेव्हा कुठं मी हात बाहेर काढले.

रोपं कमरेएवढी झाली. शेपूसारखा पाला, पण त्याहून मऊ, वारा आला की सगळा वाफा एकदम हलायचा. रानातल्या शतावरीला काटे असतात, हिला एकही नव्हता. मी तसं म्हटल्यावर भगवंत म्हणाला, "काटे असतील की. पानी घालनारीनं काढून घेतले असतील सोताला." मी मुठीत माती घेतली. तो मागच्या मागं पळाला आणि पानवेलीच्या पाटात पडला. बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला.

दिवाळी झाली की वाफ्याचं पाणी तोडायचं, असं मडमेचं सांगणं. तिच्या देशात बर्फ पडतो, झाडं झोपतात. आमच्याकडे बर्फ कुठला? मग तहानलेलं ठेवायचं. पाला पिवळा पडला की जमिनीलगत कापायचा, खत घालून पुन्हा पाणी सोडायचं, की माघात-फाल्गुनात कोंब वर येतात. तो पिवळा पाला बघून माझा जीव तुटायचा. शेजारून पाण्याचा पाट वाहतोय आणि हे असे कोरडे.

"असं तहानलेलं ठेवून कुणी वाढतं का?"

"वाढतंय की," तो म्हणाला. "माझ्याकडं बघ."

मी बघितलं नाही. बघितलं असतं तर माईचं सूप ओटीवरून खाली आलं असतं. पण कान असे तापले की पदर डोक्यावरून घ्यावा लागला.

त्या वर्षी फाल्गुनात कोंब आले. पेन्सिलीएवढे, हिरवे, टोकाला जांभळट. मातीतून सरळ वर. आम्ही दोघं वाफ्याच्या दोन बाजूंना उकिडवे बसलो होतो.

"पहिली भाजी निघाली ना, की त्या दिवशी काकांशी बोलनार," तो खाली बघत म्हणाला.

"काय बोलणार?"

"म्हनीन, रोपं लावली मी, पानी घातलं हिनं. आता वाटनी कशी करायची, ते तुमीच सांगा."

मी उठूनच उभी राहिले. "वाटणी मला आवडत नाही," मी म्हटलं. "मला सगळंच लागतं."

"मग सगळंच घे की," तो म्हणाला.

एवढं झालं होतं आमच्यात. हात हातात घेतला नाही, समुद्रावर फिरलो नाही. पण मला विचाराल तर माझं लग्न त्या दिवशी ठरलं होतं. राहिलं होतं ते फक्त बाबांनी हो म्हणणं, आणि त्याचीच मला धास्ती होती. आम्ही वाडवळ, तो घाटावरचा मराठा. आमच्यात तेव्हा सफाळ्याच्या पलीकडं मुलगी द्यायची तरी लोक चार वेळा विचार करायचे.

मध्ये केळव्याचं एक स्थळ आलं. पानमळा, पक्कं घर, मुलगा निर्व्यसनी. मी म्हटलं, नाक लांब आहे. माईनं कपाळाला हात लावला. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "नको तर नको." मला नवल वाटलं. पण त्या वयात बापाच्या बोलण्याचा विचार करायला सवड कुणाला असते? मी लगेच वाफ्याकडे गेले.

तीन वर्षं झाली. त्या फाल्गुनात कोंब अंगठ्याएवढे जाड आले. जमुना दारात लाकडाची मोळी उतरवून वाफ्यापाशी गेली. "कापत काय नाय?" ती म्हणाली. "आमी तर डोकां काढलां का तोडतू."

बाबाही म्हणाले, "आता काड रे भगवंता. बगू तरी कसं लागतं."

मी त्याच्याकडे बघत होते. नुसती बघत नव्हते, डोळ्यांत सगळा जीव गोळा करून बघत होते. भगवंतनं एक कोंब बोटांनी चाचपला. त्याची नजर काही वर आली नाही.

"अजून बारीक हायती," तो म्हणाला. "यंदा न्हाई. अजून एक वर्स जाऊ दे, काका."

मी वाडीतली मुलगी आहे हो. कुठलं रोप तयार आहे आणि कुठलं नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण मी गप्प बसले. मनाशी म्हटलं, त्याला ठाऊक असेल. मडमेनं सांगितलं असेल. कोंब वाढत गेले, त्यांचा पाला झाला, पावसाळा आला आणि गेला. रविवार येतच होते. तो मात्र आता कमी बोलायचा. तण काढायचा, माती सारखी करायचा, पाणी प्यायचा, जायचा. मी काही टोचून बोलले तर हसायचा, पण उलट उत्तर यायचं नाही. भट्टीचं काम संपत आलं होतं. साहेब लोकांची घरं एकेक रिकामी होत होती. मेस बंद होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मला वाटायचं, नोकरीच्या काळजीनं असा झालाय. मला काय काय वाटायचं, ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

पुढच्या फाल्गुनात मडम स्वतः आली. बुधवार होता, भगवंत नव्हता. सोबत ड्रायव्हर, डोक्यावर गवती टोपी, आणि खरंच वाळल्या शेंगेसारखी. परत मायदेशी चालली होती, जाण्याआधी वाफा बघायचा होता. मोडकंतोडकं हिंदी बोलायची. वाफा बघून तिनं दोन्ही हात छातीशी घेतले. मग गुडघ्यावर बसली, एक कोंब कटकन मोडला आणि कच्चाच खाल्ला. डोळे मिटून. मला त्या बाईचं फार वाईट वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी ती किती वर्षं थांबली होती.

"कितना खाया?" तिनं विचारलं.

"अभी नहीं खाया. भगवंतने बोला, तीन साल नहीं काटनेका. फिर बोला, और एक साल."

तिला कळेना. ड्रायव्हरनं परत समजावून सांगितलं. तिनं मान हलवली आणि दोन बोटं वर केली. "दो साल. मैंने बोला, दो साल. तीसरे साल काटो, खाओ." मग हसून म्हणाली, "भगवंत बहुत अच्छा. लेकिन भूल गया."

भूल गया म्हणे. रोजचा किराणा तोंडपाठ असलेला माणूस एवढं विसरतो?

मडम गेली. मी वाफ्याशी उभी राहिले. आधी एक वर्ष, मग आणखी एक. म्हणजे माझ्या बापाशी बोलायची वेळ टळावी म्हणून हा माणूस झाडाच्या नावावर थापा मारत होता. मला भयंकर संताप आला. आणि त्या संतापाखाली भीती होती. ती मी मान्य करत नव्हते, पण होती.

संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, "रविवारी भगवंतला जेवायला सांगा."

बाबांनी मान वर केली. "सांगतो," म्हणाले. त्यांचा चेहरा उजळल्यासारखा वाटला मला.

रविवारी सकाळी मी विळा घेऊन वाफ्यात शिरले आणि वर आलेला एकूण एक कोंब कापला. मातीच्या जरा खालून. कापल्या जागी पाणी येतं. टोपली भरली. लसूण आणि हिरव्या मिरचीची फोडणी दिली, वर ओलं खोबरं. माई बाजूला उभी राहून बघत होती. एकदाही म्हणाली नाही की मीठ कमी घाल, की झाकण ठेव. माई स्वयंपाकघरात गप्प राहिली असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

केळीच्या पानांवर वाढलं. बाबा आणि भगवंत समोरासमोर बसले. त्यानं पानातली भाजी बघितली. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं.

"आज काढली," मी म्हटलं. "पहिली."

बाबांनी घास घेतला. "बरी हाय की. गोडसर हाय." आणि ते थांबले. भगवंतकडे बघत थांबले.

भगवंत जेवत होता. खाली मान घालून, एकेक कोंब उचलून. पानातली भाजी संपली. मी परत वाढली. तीही संपवली. चुलीवर पाणी उकळत होतं तेवढाच आवाज. बोला ना... आता तरी बोला. मी काही मागत नाही, दागिना नको, घर नको. एक वाक्य बोला.

"काका," तो म्हणाला.

"बोल," बाबा लगेच म्हणाले.

"वैशाखात माझं लग्न हाय. तुमी समद्यांनी यायचं."

माईच्या हातातली पळी भातातच राहिली.

बाबांनी विचारलं, "कुटची पोरगी?"

"मामाची. झुंबर नाव तिचं. माझी बहीन सुलू मामाच्या घरात दिलीय, त्यांच्या पोराला. तवाच ठरलं व्हतं, त्यांची झुंबर मला. साटंलोटं. ती लहान व्हती तवा. ती मोठी व्हईस्तोवर थांबले व्हते."

"तू बोलला नाय कवा."

"न्हाई, काका."

बाबांनी पान दुमडलं. भात तसाच होता.

मी भिंतीला टेकून उभी होते. खोटं सांगत नाही, रडू आलं नाही. काहीच आलं नाही. नुसतं वाटलं की घरात खूप ऊन आहे, डोळे उघडे ठेवता येत नाहीत. तेवढ्यात माईनं माझ्या हातात तांब्या दिला. जिनं इतकी वर्षं आम्हाला नजरेआड होऊ दिलं नाही, ती माई म्हणाली, "जा. मागल्या दारी त्याच्या हातावर पानी घाल. मी हितं हाय."

मागल्या दारी तो हात पुढं करून उभा राहिला. मी पाणी घातलं. तो हात धुतच राहिला. तांब्या संपला तरी हात तसेच.

"मडम आली होती," मी म्हटलं. "दोनच वर्षं सांगितली होती तिनं."

"व्हय."

"मग तीन का म्हणालात? बी आणलं त्याच दिवशी? तेव्हा तर आपली नीट ओळखही नव्हती."

"काका इचारत व्हते, किती दिस लागतील. तू बाजूला उभी व्हतीस... तोंडातून तीन निघालं."

तो दगड त्याच्या पायावर पडला त्याला जेमतेम महिना झाला होता तेव्हा. मी डोळे मिटून घेतले. ही गोष्ट त्यानं मला कधी आधी सांगितली असती, तर मी आनंदानं वेडी झाले असते. आज कळली. आज तिचं काय करायचं मी?

"आणि नंतरचं वर्ष?"

"त्ये भ्यालो म्हनून. काकांशी बोलायचं म्हनजी झुंबरचं सांगावं लागनार. सांगितलं की इथं यायचं बंद. मला इथं यायचं बंद करायचं नव्हतं, जया. मला दुसरं काय सुचतच नव्हतं."

"मला सांगायचं. बाबांना नाही, मला."

तो मग एकदम म्हणाला, "तू म्हन, मी जात न्हाई. आत्ता म्हन."

"आणि सुलू?"

"तिला घरी धाडतील."

"तिची मुलं?"

"...ठिवून घेतील. दोघंबी."

"आणि हे तुम्ही मला विचारताय," मी म्हटलं. "पाणी मी घालायचं. भाजी मी कापायची. तुमच्या मनातलं मीच ओळखायचं. आणि आता तुमच्या बहिणीची लेकरं तिच्यापासून तोडायची की नाही, तेही मीच सांगायचं. तुम्ही काय करणार, भगवंत?"

पहिल्यांदाच मी त्याला नावानं हाक मारली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यानं हातही उचलला नाही. मला त्याचा इतका राग आला होता, आणि तरी त्याचे डोळे पदरानं पुसावे असं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. कुणी म्हणेल असं होत नाही. होतं.

"मला तुम्ही हवे होता," मी म्हटलं. "अजून हवे आहात. मी दुसऱ्या कुणाची झाले तरी ते काही जाणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय. पण सुलूला मी पाहिलेलं नाही, आणि तिचं घर मोडून मला झोप लागणार नाही. जा तुम्ही."

"जया..."

"जा म्हटलं ना. थांबलात तर मी थांबा म्हणेन."

तो गेला. वाफ्याच्या बाजूनं न जाता पानवेलींच्या मधल्या वाटेनं गेला. फाटकाशी थांबला, पण वळला नाही. मग रस्त्यावरून ट्रक गेला, धूळ उडाली, आणि ती खाली बसली तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

मी आत आले. बाबा अजून पाटावरच बसले होते, दुमडलेल्या पानासमोर. माई चुलीकडे तोंड करून बसली होती, तिची पाठ हलत होती.

"मी हो म्हननार व्हतो, जया," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"जातीबाहेरचा असला तरी. माईला बी सांगून ठेवला व्हता मी. लोक काय बोलतील ते बोलतील, पोर आपल्या वाडीत राहील, रोपांना जीव लावणारा हाय. दोन वर्सं झाली, दर रयवारी वाट बगतो, आज बोलेल, आज बोलेल. मनात आलं, त्याच्या तोंडानं येऊ दे. पोरीच्या बापानं कसं इचारायचं?"

"मला तरी विचारायचं होतं, बाबा."

"तू तरी सांगायचं व्हतंस."

मग मी खाली बसले आणि रडले. माझी आई गेली तेव्हाही अशी रडले नव्हते. बाबांनी डोक्यावर हात ठेवला, माईनं मला ओढून मांडीवर घेतलं, आणि मला कुणाचीच समजूत पुरेना. एका वाफ्याभोवती आम्ही चार माणसं वर्षानुवर्षं फिरत होतो, प्रत्येक जण दुसऱ्याच्या बोलण्याची वाट बघत. आणि शेवटी बोलला तो एकटाच, तेही त्याच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला.